एकाच रेकॉर्डच्या तीन प्रती कशाला?

कृष्णाकाठ, सांगली:
गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचं ‘पिया बिन नाही आवत चैन’ माझ्याकडे तीनदा आहे. दोन ओडियन कंपनीच्या लाखेच्या जुन्या तबकड्या, तिसरा कोलंबियाचा लाँगप्ले, म्हणजे नंतरची जास्त वेळ वाजणारी तबकडी. घरचे म्हणतात, गाणं तर एकच! मला ते पटत नाही. लाँगप्लेवर खरखर कमी आहे, पण तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, खाँसाहेबांच्या आवाजाची जी बारीक धार लागते तीही बोथट झाली आहे. खरखर गाळताना वरचे नाद जाणारच. ओडियनची एक प्रत भरपूर वाजलेली, शेवटच्या ‘चैन’वर आवाज फाटतो. दुसरीत ती जागा शाबूत, पण काठाला तडा, त्यामुळे सुरुवातीला टकटक. दोन्ही ऐकल्या की गाणं पुरं होतं. यातली कुठली टाकू?

माहुलीकर, सातारा:
टाकू नका, द्या. तुमच्या कपाटात तीन आणि मिरजेत गाणं शिकणाऱ्या पोराच्या हाती एकही नाही, याचं मला वाईट वाटतं. खाँसाहेब मिरजेच्याच मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात विसावलेत. उरुसाला तिथे गवई हजेरी लावतात, कुणीही बसून ऐकावं. त्याच माणसाचा आवाज कुलूपबंद? शिवाय तुम्ही दुसरी प्रत घेतली की बाजारातली एक कमी होते, उरलेल्यांचा भाव चढतो.

जाड सुई:
माझा आक्षेप वेगळा. फरक प्रतीचाच, हे कशावरून? ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या खाचेला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, लाँगप्लेची १ मिल किंवा त्याहून बारीक. बारीक सुई जुन्या खाचेच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर उचलते. वेगाचंही तेच. ८० फेऱ्यांना मुद्रित झालेली तबकडी ७८वर लावली तर सूर जवळजवळ पाव स्वराने उतरतो. मग ‘आवाजाचा पोत वेगळा’ म्हणून आपण भांडत बसतो.

कृष्णाकाठ:
सुई मी बदलतो, ७८ला जाडच. वेगाचं मात्र खरं, तो तपासायला हवा होता. काल रात्री तंबोरा लावून बसलो. दोन्ही ओडियन एकाच षड्जाला मिळाल्या, म्हणजे त्या दोघींतला फरक झिजेचा. लाँगप्ले अजून तपासायचा आहे, तोवर धारेबद्दलचं विधान अर्धं मागे घेतो.
माहुलीकर, भाव चढतो हे मान्य. तिन्हींचं ध्वनिमुद्रण करून मागेल त्याला देईन, खरखर न गाळता. तबकड्या मात्र देणार नाही. उद्या कुणाला चांगली सुई मिळाली, तर मूळ खाच लागेलच ना?

माहुलीकर:
मुद्रण पोरांपर्यंत पोचवायचं मी बघतो. पण तडा गेलेल्या तबकडीवरच्या त्या शेवटच्या ‘चैन’चं मुद्रण आधी करा. तुमच्यानंतर ती खाच जपणार कोण, तेही घरात आत्ताच ठरवून ठेवा.