ईद पहिल्यांदाच आमच्या घरी, २५ माणसं: चाँदरातीआधी काय काय उरकून ठेवायचं?

शाहूपुरीची सून
यंदा रमजान ईदला दोन्ही दीर, नणंद, पोरंबाळं सगळे आमच्याकडं जमणार. २५ माणसं, शिवाय दिवसभर शेजारपाजार. ५ लिटर म्हशीचं दूध धरलंय. शीरखुर्म्याचं प्रमाण काय घेऊ? खारीक घातली की दूध फाटतं ते कशानं? आणि दुपारपर्यंत त्याचा गोळा होतो तो कसा टाळायचा? चाँद २९ चा की ३० चा हे मगरीबलाच (सूर्यास्ताच्या नमाजच्या वेळी) कळणार, मग आधी काय करून ठेवता येईल? फितरा (ईदच्या नमाजआधी गरिबांना द्यायचं दान) कुणाकुणाचा काढायचा तेही सांगा. घरात ४ महिन्यांचं बाळ आहे, आणि सासऱ्यांना साखरेमुळं डॉक्टरांनी रोजे कायमचे बंद केलेत.

लक्ष्मीपुरी खाला
५ लिटरला बारीक भाजक्या शेवया २०० ग्रॅम, बास. पाकीट अर्ध्या किलोचं असतं म्हणून सगळं ओतायचं नाही. गोळा होतो तो इथंच. खारीक २५० ग्रॅम, बदाम १५०, काजू १००, पिस्ता ७५, चारोळी ७५, खसखस ५०, मनुके ५०, साजूक तूप १५०, वेलदोडे १५-२०, अर्धं जायफळ. साखर ५०० पर्यंत लागते, पण आधी ४०० घालून चव बघा, खारकेची गोडी नंतर उतरते.

चारोळी घेताना दुकानातच दोन दाणे चावून बघा. खवट असली तर मूठभर चारोळी अख्खं पातेलं घालवते आणि वेलचीनं तो वास झाकत नाही. खसखस चाळून, दोन तास भिजवून, चमचाभर दुधात गंधासारखी वाटा. भरड राहिली तर दाताखाली कचकच लागते. हे वाटण मात्र फार आधी करायचं नाही, आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये.

सुका मेवा ४-५ दिवस आधी करून ठेवता येतो. बदाम गरम पाण्यात टाकून सोला, काप करा आणि पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवा. ओल राहिली तर डब्यात बुरशी धरते. मग तुपात प्रत्येक जिन्नस वेगवेगळा तळा. चारोळी अर्ध्या मिनिटात लाल होते, बदामाला वेळ लागतो. एकत्र टाकलं की एक करपतं नाहीतर दुसरं कच्चं राहतं. शेवया विकतच्या भाजक्या असल्या तरी थोड्या तुपात मंद आचेवर परता, बदामी रंगावर थांबा. गावाकडच्या हातशेवया जाड असतात, त्या शिजायला वेळ घेतात. त्या खिरीला ठेवा.

खारीक २९ व्या रोजाला सकाळीच भिजवा, चाँदची वाट बघू नका. ८-१० तास लागतात. चाँद नाही दिसला तर पाणी निथळून डब्यात घालून फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी चालते. बी आणि टोपी काढून उभे पातळ काप, ते तुपात वास सुटेपर्यंत परतायचे.

दूध कट्टा
नुसत्या खारकेनं दूध बहुतेकदा फाटत नाही. उन्हाळ्यात भिजवून आंबलेलं पाणी फाडतं. भिजवायच्या आधी तीन पाण्यांनी धुवा, भिजवलेलं पाणी फेकून द्या. दुसरा चोर मनुका. ती आंबट असते म्हणून तुपात फुगवून, गॅस बंद केल्यावर घाला.

शंका असेल तर कपभर दूध उकळून त्यात खारकेचे चार तुकडे ५ मिनिटं शिजवा. कडेला कणी दिसली तर फक्त कप गेला, पातेलं वाचलं.

दूध शक्यतो पहाटेच्या धारेचं. गवळ्याला आधीच सांगून ठेवा की चाँद दिसला तर रात्री फोन येईल. संध्याकाळचं घेतलंत तर लगेच तापवून, गार करून फ्रिजमध्ये. झाकून ओट्यावर ठेवलं तर सकाळी आंबूस. आणि शिळं-ताजं एकत्र करू नका.

५ लिटरला ८ लिटरचं जाड बुडाचं पातेलं. आधी वाटीभर पाणी फिरवून तळाशी थोडं राहू द्या, मग दूध ओता. म्हशीचं दूध मुळात दाट असतं, १५ मिनिटं उकळलं की पुरे. खाली लागलंच तर तळ खरवडू नका, वरचं दूध अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. खरवडलं की करपट वास सगळ्यात जातो.

लक्ष्मीपुरी खाला
दुधात खारीक, खसखस, मेवा घालून १० मिनिटं, मग साखर. शेवया मात्र सगळ्या एकदम नाहीत! हा बेस तसाच ठेवा. पाहुणे आले की एक लिटर बाजूला काढून उकळा, ४० ग्रॅम शेवया घालून दोन-तीन मिनिटांत उतरवा. गॅसवरून उतरवताना तो पातळच दिसला पाहिजे, वाटीत जाईपर्यंत आळतो. तरीही घट्ट झाला तर गरम दूध घाला, गार दुधानं चव पाणचट होते. सासऱ्यांची वाटी साखर घालायच्या आधी काढा, खारकेचे तुकडेही कमीच.

दसरा चौक
फितऱ्याचं. हनफी (इस्लामी कायद्याची एक परंपरा) घरात गव्हाच्या हिशोबानं माणशी १ किलो ६३३ ग्रॅम, काही ठिकाणी २ किलो ४५ ग्रॅम धरतात. तुमची मशीद मसलकाप्रमाणं (आपापल्या पंथाप्रमाणं) रुपयांत दर जाहीर करते, तोच घ्या. खजूर किंवा मनुक्याच्या हिशोबानं काढायचा तर वजन दुप्पट, ऐपत असेल त्यानं तसा काढावा, गरिबाच्या हातात जास्त पडतं. माहेर कोकणातलं शाफई (दुसऱ्या परंपरेचं) असेल तर तिकडचा हिशोब वेगळा असतो, तिथल्या मौलानांना विचारा.

बाळाचा फितरा बापानं काढायचा. रोजा न ठेवणाऱ्यावरून फितरा उतरत नाही, म्हणून सासऱ्यांचाही निघणार. त्यांना पुन्हा रोजे ठेवता येण्याची आशाच नसेल तर फिदिया (सुटलेल्या रोजांच्या बदल्यात गरिबांना द्यायचं दान) वेगळा, दर रोजाला एका फितऱ्याएवढा. दोन्ही पाकिटांवर नाव लिहून ठेवा, ऐन गडबडीत मिसळतात. फितरा ईदच्या नमाजनंतर दिला तर उशीर झाला असं समजा. दोन-तीन दिवस आधी दिलात तर घेणाऱ्याच्याही घरी शेवया शिजतील.

सकाळी गुस्ल (अंघोळ), अत्तर, विषम संख्येत खजूर खाऊन निघायचं. नमाजला कोल्हापुरातल्या मुस्लिम बोर्डिंगच्या पटांगणावर जाणार असाल तर दसरा चौकात गाडी लावायला जागा मिळत नाही, चालत जा आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं या, सुन्नतही तीच आहे. मुलांना आदल्या रात्री ईदच्या नमाजातल्या जादा तकबिरा ('अल्लाहु अकबर' म्हणणं) हनफी पद्धतीनं शिकवा: पहिल्या रकातीत (नमाजाच्या फेरीत) किरातीच्या (कुराणपठणाच्या) आधी तीन, दुसऱ्या रकातीत किरातीनंतर रुकूआधी (कमरेत वाकण्याआधी) तीन. नाहीतर पोरं दुसऱ्या रकातीत तकबीर ऐकून थेट रुकूत जातात.

शाहूपुरीची सून
लई उपकार. अजून दोन गोष्टी. ईद सोमवारी किंवा शनिवारी आली तर शेजारच्या काकूंचा वार असतो. आणि पोरींची मेंदी?

लक्ष्मीपुरी खाला
त्यांच्यासाठी शीरखुर्मा आणि मटार पुलाव वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं, मटण चुलीवर चढायच्या आधी करून ठेवा. काकूंना आधीच तसं सांगा, म्हणजे त्या मोकळ्या मनानं खातील. मेंदीचा काळा कोन नको, त्यात बऱ्याचदा पीपीडी (केस काळे करायच्या रंगातलं रसायन) असतं, लहान पोरींच्या हाताला फोड येऊ शकतात. साधी हिरवी लावा. वुजूआधी (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याआधी) वाळलेला थर पूर्ण निघाला पाहिजे, रंग राहिला तर चालतो.