मदत हवी आहे: स्वतः कातलेल्या लोकरीची वीण तिरकी जातेय, काय करू?

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येतो. मी लोंबत्या टकळीवर मेंढीची लोकर काततो आणि तीच विणतो, विकायचं वगैरे काही नाही, निव्वळ छंद. सध्या सुईवर मफलर आहे, ४ मिमीच्या सुया, एक ओळ सुलट एक ओळ उलट अशी सगळ्यात साधी वीण. तर झालंय असं की कडा सरळ वर जायच्या सोडून एका बाजूला कलत चालल्यात, आयताचा समांतरभुज चौकोन होतोय. टाके मोजले, वाढलेले नाहीत, गळलेलेही नाहीत. भिजवून, टाचण्या लावून वाळवला, तर टाचण्या काढल्यावर थोडा वेळ शहाण्यासारखा सरळ राहिला आणि मग हळूहळू परत मूळ पदावर. विकतच्या लोकरीने त्याच सुयांवर तीच वीण घातली की एकदम सरळ येते, म्हणजे हात ठीक आहे, घोळ सुतातच आहे.

सूत एकपदरी आहे, म्हणजे एकच धागा, दुसऱ्या धाग्याबरोबर पिळलेला नाही. टकळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतो. पीळ किती देतो ते नाही सांगता येणार, तुटू नये इतका हेच धोरण, पण जरा सैल सोडलं की स्वतःभोवतीच गुंडाळून जागोजागी शेपट्या तयार होतात. जाडी पण कमीजास्त आहे, मध्येच दोऱ्यासारखं बारीक आणि मध्येच फुगलेलं. त्या फुगलेल्या जागा मला दिसायला आवडतात खरं तर, पण त्याच भागात सूत निसटून सुटतं कधीकधी.

आता दुसरा भाग, थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या. मला या सगळ्यात विणण्यापेक्षा कातायलाच जास्त मजा येते. पेळूतले तंतू बोटांतून सरकतात, खालून पीळ चढत येतो आणि बघता बघता त्या पिंजलेल्या ढगाचा धागा होतो, हे कितीही वेळा बघितलं तरी मन भरत नाही. कमी धुतलेल्या लोकरीला तो लॅनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या नैसर्गिक मेणाचा, किंचित मेणचट वास असतो, हाताला पण मऊ लागतं. कानात काहीतरी लावून ठेवायचं आणि उभ्या उभ्या कातत राहायचं, तास कुठे जातो कळत नाही. पण नेटवर मदत शोधायला गेलो की जो तो सांगतो इंचात किती पीळ ते मोजा, वेढे मोजा, वजन करा, प्रत्येक लडीला कार्ड लावा, वहीत नोंद ठेवा. अहो, ऑफिसात दिवसभर एक्सेलच भरतो मी, घरी येऊन परत तेच करायचं असेल तर छंद कशाला पाहिजे? आणि मशीनसारखं एकसारखं सूत हवं असतं तर दुकानातून आणलंच असतं ना.

तर प्रश्न असा की वीण सरळ यावी आणि सूत सुटू नये एवढ्यापुरतं कमीत कमी काय शिकायला लागेल? आणि हा अर्धा झालेला मफलर वाचवता येईल का उसवावाच लागेल? चाकाचा चरखा वगैरे काही नाहीये माझ्याकडे, एकच टकळी आहे आणि सध्या दुसरं काही घ्यायचा विचार नाही.

—
प्रतिसाद:

पीळ जास्त आणि पदर एकच, यापलीकडे काही नाही. एका दिशेने पिळलेलं सूत उलगडायला बघत असतं, टाक्यात अडकलं की उलगडता येत नाही म्हणून मग टाक्यालाच फिरवतं. सगळे टाके एकाच बाजूला झुकले की कापड तिरकं. स्वस्त टीशर्ट काही धुण्यांनंतर अंगावर फिरतो, बाजूची शिवण पोटावर येते, बघितलंय ना? तिथेही बऱ्याचदा हेच असतं, एकपदरी सुताचं गोल विणलेलं कापड. दोन पदर एकत्र करा, उलट दिशेने पीळ द्या, विषय संपला.

—
प्रतिसाद:

ताई, इतकं काही बिघडलेलं नाहीये, पदर वगैरेच्या भानगडीत न पडता आधी वीण बदलून बघा. सगळ्या ओळी सुलट घातल्या, म्हणजे पुढून पण सुलट आणि मागून पण सुलट, की एका ओळीचा झोल पुढची ओळ परतवते आणि कापड सरळ राहतं. किंवा एक टाका सुलट एक उलट आणि पुढच्या ओळीत त्याच्या बरोब्बर विरुद्ध, ती दाणेदार वीण. मी एकपदरीच वापरते कायम, शाली केल्यात, एकही तिरकी नाही. तुमच्या त्या फुगलेल्या जागा पण सुलट-सुलट विणीत फार छान दिसतात, साध्या विणीत त्या डाग पडल्यासारख्या वाटतात.

आणि हो, सुया मोठ्या घेऊन प्रश्न सुटेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. वीण जितकी सैल तितकं टाक्याला फिरायला मोकळं रान.

—
धागाकर्ता:

ताई नाही हो, दादा :) पण सल्ला एक नंबर, संध्याकाळीच छोटा चौकोन घालून बघतो.

पदर जोडायचं म्हणाल तर एका टकळीवर कसं करायचं? दोन वेगळ्या टकळ्या भरलेल्या हव्यात ना?

—
प्रतिसाद:

नाही, एकीवर होतं. बरीच वर्षं कातते आहे, सविस्तरच लिहिते.

आधी टकळीवरचं सूत उतरवून गोळा करायचा, पण आतलं टोक बाहेर दिसेल असा. मग आतलं टोक आणि बाहेरचं टोक दोन्ही एकत्र धरून टकळीला बांधायचं आणि टकळी उलटी फिरवायची. तुम्ही काट्यांच्या दिशेने कातता, तर हे काट्यांच्या विरुद्ध. चुकून त्याच दिशेने फिरवलंत तर पिळात पीळ वाढत जाऊन तारेसारखं कडक होतं. गोळा कशाभोवती तरी करा, पुठ्ठ्याची नळी चालेल, कारण शेवटाकडे आतून पोकळ झालेला गोळा कोसळतो आणि जो गुंता होतो तो सोडवताना छंदाबद्दल मत बदलू शकतं. सूत थोडंच असेल तर हाताच्या पंजाभोवती विशिष्ट प्रकारे गुंडाळून दोन्ही टोकं मोकळी ठेवायची पद्धत पण आहे, अँडीज पर्वताकडच्या कातणाऱ्यांची, व्हिडिओ बघून शिका, लिहून समजणार नाही. मधलं बोट जास्त आवळू नका एवढंच.

लांबी निम्म्याहून थोडी कमीच भरेल हे धरून चाला.

आता तुम्हाला वही नकोय, तर एकच सवय लावून घ्या. कातता कातता मध्येच थांबायचं, नुकतं कातलेलं हातभर सूत मधे दुमडून सैल सोडायचं. ते आपोआप स्वतःभोवती फिरून दुपदरी होतं. ते जसं दिसतंय साधारण तसंच तुमचं पदर जोडलेलं सूत दिसणार आहे. फार करकरीत, मणी मणी झालेलं दिसलं तर पीळ कमी करा, लांब लांब ढिली वळणं दिसली तर वाढवा. आवडेल तसं आलं की तो तुकडा तोडून, गाठ मारून टकळीच्या पिशवीत टाका आणि पुढे नजरेने त्याच्याशी जुळवत राहा. मोजमाप शून्य. फक्त हे ताज्या सुतावरच करायचं, कारण गुंडाळून ठेवलेल्या सुतातला पीळ झोपतो. शिळं सूत दुमडून बघितलंत तर वाटेल की पीळच नाहीये, मग तुम्ही पदर जोडताना पण कमी द्याल, आणि पाण्यात घातलं की सगळं जागं होतं. तुमचा मफलर टाचण्या काढल्यावर परत फिरला तो यातलाच प्रकार, ताणून वाळवलं की पीळ दबतो, जात नाही.

पदर जोडून झाले की लड करा, चार जागी सैल बांधा, कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं बुडवून ठेवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि नुसती लटकवून वाळवा, खाली वजन बांधू नका. लड वाळल्यावर उघड्या फाशासारखी सरळ लोंबली तर पीळ बरोबर बसलाय. गिरकी घेतली तर अजून कुठल्यातरी एका बाजूचा पीळ जास्त आहे. एखादी गिरकी असेल तर सोडून द्या, कपड्यात कळत नाही.

सूत सुटतं त्याचं कारण वेगळं आहे. पीळ नेहमी बारीक जागी पळतो आणि जाड जागा कोरडी राहते, म्हणून तुमच्याकडे एकाच सुतात शेपट्या पण आहेत आणि सुटणं पण आहे. सुटलेलं टोक बघा, पिसासारखं विरत गेलेलं असेल तर तिथे पीळ कमी होता. टचकन तुटून आखूड टोक राहिलं असेल तर पीळ अती होता किंवा टकळी त्या सुताला जड आहे. बारीक सुताला पंचवीस-तीस ग्रॅमची टकळी पुरते, जड टकळी बारीक सुताला खाली खेचून तोडते. दोन हातांमधलं अंतर तंतूच्या लांबीपेक्षा थोडं जास्त ठेवा. कमी असेल तर एकाच तंतूची दोन्ही टोकं तुमच्याच हातात, मग कितीही ओढा, सरकणार कसा. आणि घाई होत असेल तर टकळी फिरवून गुडघ्यात धरा, आधी तंतू ओढून घ्या, मग पीळ चढू द्या. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मी अजूनही नवीन लोकर आली की पहिला थोडा वेळ असंच करते.

—
प्रतिसाद:

वरचा प्रतिसाद उत्तम आहे पण माझं थोडं वेगळं मत. एकपदरीला उगाच बदनाम करू नका. पीळ मुळातच कमी ठेवला आणि धुताना एकदा गरम एकदा गार पाण्यात घालून हलकंसं चोळलं की तंतू एकमेकांना धरतात, सूत सुटत नाही आणि मऊपणा राहतो. जरा जास्त चोळलं तर नमदा होतो, म्हणजे तंतू घट्ट चिकटून जातात, हे मात्र खरं, आणि मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर असेल तर हा उपाय चालणारच नाही, ती एकमेकांना धरत नाही. मोज्यांना वगैरे एकपदरी नको, घासून जातं, तिथे तिपदरीच बरी, गोल येते आणि टिकते. पण मफलरला काय घासणार आहे?

नोंदीबद्दल म्हणाल तर मी ठेवतो आणि मला त्यात पण मजा येते. सहा महिन्यांनी तेच सूत परत हवं झालं की नजर काही कामाची नाही.

—
प्रतिसाद:

+१ मऊपणाला. नोंदीबद्दल असहमत. तेच सूत परत हवं होतं कशाला? नवीन कातायचं की.

—
प्रतिसाद:

मोठं काही विणायचं असेल तर हवं होतं ना. स्वेटरची एक बाही जाड आणि एक बारीक झाली की कळेल कशाला ते. अर्थात नोंद नसेल तर दुसरा मार्ग आहे, दोन लडी एकाच वेळी वापरायच्या, दोन ओळी एकीच्या आणि दोन दुसरीच्या, फरक मिसळून जातो. यात कागद-पेन लागत नाही हे धागाकर्त्यांसाठी.

—
धागाकर्ता:

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुलट-सुलट चौकोन घातला, त्याच सुताचा, सरळ आलाय!! दुमडून बघायची युक्ती पण केली, इतकं करकरीत आलं की तारेचं स्प्रिंग वाटावं, म्हणजे मी गरजेपेक्षा फार जास्त पीळ देत होतो. कमी केल्यावर कातायला पण निवांत वाटतंय, टकळी सारखी सारखी भिरकावत बसावी लागत नाही. ही तपासणी मला चालेल, बोटांनीच करायची आहे आणि कुठे भरायची नाहीये.

सुईवरच्या मफलरचं अजून ठरत नाहीये. इथून पुढे सुलट-सुलट चालू केलं तर खालचा भाग तिरका आणि वरचा सरळ असं विचित्र दिसेल. उसवून त्याच सुताचे दोन पदर जोडता येतील का? टाक्यांच्या लाटा पडल्या असतील त्यात.

—
प्रतिसाद:

येतील. उसवतानाच लड करत जा, भिजवा, वाळू द्या, लाटा जातात. फुगलेल्या जागी हलक्या हाताने, तिथे सुटेल. सुटलंच तर दोन्ही टोकं पिंजून एकमेकांवर ठेवा, ओली बोटं लावून तळव्यात चोळा, पदर जोडल्यावर शोधून सापडणार नाही. सुताची लांबी मात्र निम्म्यावर येणार, तेव्हा तेवढंच अजून कातून ठेवा.

—
धागाकर्ता:

अजून कातायचंय ही काही वाईट बातमी नाही :)

—
प्रतिसाद:

मध्येच घुसतेय, मी डावखुरी आहे आणि माझी टकळी आपोआप उलटीच फिरते. मग मी पदर जोडताना काट्यांच्या दिशेने फिरवायची का?

—
प्रतिसाद:

हो. कातताना कुठलीही दिशा धरा, जोडताना तिच्या विरुद्ध. फक्त एका लडीत मध्येच दिशा बदलू नका आणि दुसऱ्या कोणी कातलेलं सूत जोडीला घेणार असाल तर त्यांनी कुठल्या बाजूला फिरवलंय ते आधी विचारून घ्या.