वसुली एजन्सीशी तडजोड: पत्र हाती येण्याआधी पैसे भरावेत का?

ओंजळ (प्रश्न)

नमस्कार. नोकरी गेल्यानंतर गेल्या चौदा महिन्यांत माझे क्रेडिट कार्डाचे खाते पूर्णपणे थकले असून ते आता एका वसुली एजन्सीकडे गेले आहे. एजन्सीचे गृहस्थ आठवड्यातून तीन-चार वेळा फोन करतात. आज त्यांनी सांगितले की एकूण थकबाकीच्या साठ टक्के रक्कम संध्याकाळपर्यंत भरल्यास उरलेली माफ होईल आणि उद्यापासून ही सवलत राहणार नाही. मी लेखी पत्र मागितले, तेव्हा ‘पैसे जमा झाले की पत्र सिस्टीममधून आपोआप निघते’ असे उत्तर मिळाले. भावाच्या मदतीने माझ्याकडे एकूण थकबाकीच्या साधारण चाळीस टक्के रक्कम जमली आहे आणि ती एकदाच वापरता येणार आहे. ती चुकीच्या ठिकाणी गेली, तर दुसरी उभी करण्याची माझी ताकद नाही.

किती रकमेपासून बोलणी सुरू करावीत, पत्राआधी पैसे भरावेत का आणि अशा तडजोडीचा पुढे कर्ज घेताना काय परिणाम होतो, हे मला जाणून घ्यायचे आहे. फोन कधी कधी आई उचलते आणि त्यानंतर दिवसभर ती काही बोलत नाही, म्हणून हे लवकर संपवावे असेही वाटते.

जमाखर्च

मी नऊ वर्षे वसुली विभागात काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने काय दिसते ते सांगतो. सर्वांत आधी, आज संध्याकाळी काहीही भरू नका. ‘उद्या सवलत नाही’ हे वाक्य बहुतेक वेळा कर्जदाराच्या खात्यावरून ठरत नाही, ते त्या माणसाच्या महिन्याच्या टार्गेटवरून ठरते. आज मिळणारी सवलत पुढच्या महिन्याअखेरीस सहसा पुन्हा मिळते, कित्येकदा अधिक चांगली मिळते. याला अपवाद एकच: प्रकरण न्यायालयात दाखल झाले असेल किंवा तशी नोटीस हाती आली असेल, तर घाई खरी असते आणि वकिलाचा सल्ला आधी घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, तुमचे कर्ज आता कोणाचे आहे ते शोधा. एजन्सी दोन प्रकारची असते. एक मूळ कर्ज देणाऱ्या संस्थेच्या वतीने कमिशनवर वसुली करते. तिच्या माणसाला सवलत मंजूर करण्याचा अधिकार नसतो, तो तुमचा आकडा वर पाठवतो आणि मंजुरी संस्थेकडून येते. दुसऱ्या प्रकारात थकलेली खाती गठ्ठ्याने, मूळ रकमेपेक्षा पुष्कळ कमी किमतीत विकत घेतलेली असतात आणि तिथे बोलणी करायला जास्त जागा असते. म्हणून मूळ संस्थेचे नाव, खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, एजन्सीला वसुलीचा अधिकार देणारे पत्र आणि थकबाकीची फोड लेखी मागा. ही मागणी कोणत्याही देशात वावगी नाही. अमेरिकेत तर 1977च्या वसुलीविषयक कायद्यानुसार सूचना मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी हरकत घेतली, की पुरावा पाठवेपर्यंत वसुली थांबवावी लागते. भारतातही खाते कोणत्या एजन्सीकडे सोपवले आहे हे बँकेने कर्जदाराला कळवणे अपेक्षित आहे.

आता रक्कम. साठ टक्के हा आकडा कशाचे साठ टक्के आहे, हे पाहिल्याशिवाय त्यावर विचारच करू नका. समजा एकूण थकबाकी शंभर आहे, त्यात मुद्दल बासष्ट आहे आणि बाकीचे अडतीस व्याज, दंडव्याज आणि विलंब शुल्क आहे. मग साठ भरणे म्हणजे जवळजवळ सगळे मुद्दल भरणे झाले. सूट म्हणून जी मिळाली ती मुख्यतः त्यांनीच वर चढवलेल्या रकमेवर मिळाली. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही, कारण व्याज करारात होतेच, पण बोलणी मुद्दलाच्या आकड्यावर करायची असतात हे यावरून लक्षात येईल. तुमची क्षमता चाळीसची असेल तर सुरुवात पंचवीसच्या आसपास करा, ‘माझ्याकडे एवढेच जमू शकतात आणि ते एकरकमी देता येतील’ असे सांगा, आणि मग गप्प राहा. समोरचा बोलेपर्यंतची ती काही सेकंदांची शांतता फार अवघड जाते आणि बहुतेक लोक तिथेच स्वतःचा आकडा वाढवतात. हातात किती आहे आणि भावाने किती दिले, हे सांगण्याची गरज नाही, पण खोटेही बोलू नका. नोकरी गेल्याचे कागद असतील तर ते जोडा, मंजुरी देणाऱ्याला फाइलमध्ये ठेवायला कारण लागते. एकरकमीला सूट जास्त मिळते. हप्त्यांची तडजोड घेतली आणि एखादा हप्ता चुकला, तर पुष्कळ करारांत सूट रद्द होऊन पूर्ण थकबाकी परत उभी राहते.

पत्राबद्दल मी थोडे जास्त लिहितो, कारण लोक बुडतात ते इथेच. एकदा एक बाई आमच्याकडे पत्र घेऊन आल्या होत्या. पैसे भरून सहा महिने झाले होते, तरी त्यांना फोन येत होते. पत्रातले शेवटचे वाक्य होते, ‘सदर रक्कम प्राप्त झाल्यानंतर उर्वरित थकबाकीबाबत योग्य तो विचार केला जाईल.’ हे वाक्य त्यांनी अनेकदा वाचले होते आणि प्रत्येक वेळी माफी असा अर्थ घेतला होता. प्रत्यक्षात त्यात कसलेही वचन नव्हते. ‘पूर्ण व अंतिम परतफेड म्हणून’ हे शब्द पत्रात हवेतच. त्याशिवाय खाते क्रमांक, भरायची रक्कम, भरण्याची अंतिम तारीख, पैसे कोणत्या खात्यात भरायचे, उरलेल्या रकमेवर कोणताही दावा राहणार नाही असा स्पष्ट मजकूर आणि अधिकार असलेल्या व्यक्तीची सही हवी. पत्र मूळ संस्थेच्या लेटरहेडवर हवे, आणि कर्ज विकले गेले असेल तर ते विकत घेणाऱ्याच्या लेटरहेडवर चालेल. पैसे संस्थेच्याच खात्यात भरा. एजंटच्या वैयक्तिक खात्यात किंवा रोख स्वरूपात एक रुपयाही देऊ नका. पत्र आपोआप निघते हे खरे असेल, तर ते आधीही निघू शकते.

पायवाट

मी चार वर्षांपूर्वी एका खात्याची अशीच तडजोड केली होती. परिणामाबद्दल विचारले आहे म्हणून लिहिते. क्रेडिट रिपोर्टमध्ये खाते ‘बंद’ असे न दिसता ‘सेटल्ड’ असे दिसते, आणि नवीन कर्ज देणारा हा शब्द ओळखतो. अमेरिकेत अशा नोंदी साधारण 7 वर्षे आणि ब्रिटनमध्ये 6 वर्षे राहतात. माझा पहिला कर्जाचा अर्ज याच कारणाने नाकारला गेला होता. पण खाते तसेच थकलेले दिसणे हे यापेक्षा वाईट होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पैसे भरल्यावर दोन महिन्यांनी स्वतःचा रिपोर्ट काढून नोंद बदलली की नाही ते नक्की पाहा, कारण माझी बदलली नव्हती आणि लेखी तक्रारीनंतरच ती दुरुस्त झाली.

दोन वर्षांनी एका वेगळ्याच एजन्सीचा फोन आला, त्याच खात्यासाठी. मी पत्र, भरणा केल्याची पावती आणि त्या महिन्याचे बँक स्टेटमेंट एकाच मेलमध्ये पाठवले आणि विषय तिथेच संपला. ते कागद मी आजही जपून ठेवले आहेत.

आईंच्या फोनबद्दल वाचून वाईट वाटले. भारतात रिझर्व्ह बँकेने 2022च्या सूचनांमध्ये वसुलीचे फोन सकाळी 8च्या आधी आणि संध्याकाळी 7नंतर करण्यास मनाई केली आहे, आणि कुटुंबीयांना त्रास देणे किंवा चारचौघांत अपमान करणे हेही त्यात निषिद्ध आहे. अमेरिकेत ही वेळ सकाळी 8 ते रात्री 9 आहे. ‘यापुढे सर्व संपर्क माझ्याशीच आणि लेखी स्वरूपात करावा’ असा मेल एजन्सीला आणि मूळ संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच वेळी पाठवा. आईंनाही ‘तुम्ही जिच्याशी बोलायचे आहे तिच्याशी बोला’ एवढेच म्हणून फोन ठेवायला सांगा. हिशोब देण्याची जबाबदारी त्यांची नाही.

मुदतखत

वरील सल्ल्यात एकच भर घालतो. कर्ज जुने असेल तर काहीही लिहून देण्याआधी किंवा किरकोळ रक्कम भरण्याआधी दाव्याची मुदत, म्हणजे वसुलीसाठी न्यायालयात जाण्याची कायदेशीर कालमर्यादा, संपली आहे का ते तपासावे. भारतात 1963च्या मुदत कायद्यानुसार अशा कर्जासाठी दावा दाखल करण्याची मुदत साधारणपणे 3 वर्षे आहे, तर इंग्लंडमध्ये 1980च्या कायद्यानुसार ती 6 वर्षे आहे. मुदत संपण्याआधी लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. ओंजळ यांच्या बाबतीत चौदाच महिने झाले असल्याने हा मार्ग लागू नाही, पण हा धागा वाचणाऱ्या इतरांना तो लागू असू शकतो.

तसेच ‘आम्ही तुमचे कर्ज निम्म्यावर आणून देतो’ म्हणत आगाऊ फी मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. अमेरिकेने 2010 मध्ये फोनवरून विकल्या जाणाऱ्या अशा सेवांसाठी आगाऊ फी घेण्यास बंदी घातली, ती उगीच नाही. फी त्यांच्याकडे जाते, हप्ते थकत राहतात आणि बोलणी सुरूच होत नाहीत.

ओंजळ

सर्वांचे मनापासून आभार. मी मेल पाठवला. तिसऱ्या दिवशी थकबाकीची फोड आली. शंभरातले मुद्दल अठ्ठावन्न आहे आणि कर्ज अजून मूळ संस्थेचेच आहे. मी सव्वीसपासून सुरुवात केली, त्यांनी पन्नास म्हटले, आणि काल अडतीसवर मंजुरी आल्याचे पत्र संस्थेच्या अधिकृत पत्त्यावरून मेलने मिळाले. त्यात ‘पूर्ण व अंतिम परतफेड’ हे शब्द आहेत. भरण्याची अंतिम तारीख पुढच्या रविवारची आहे. शनिवारी भरले तर चालेल का?

जमाखर्च

गुरुवारीच भरा. सुट्टीच्या दिवसांत रक्कम जमा दिसायला उशीर झाला, तर मुदत उलटली असे म्हणून सूट नाकारली गेल्याची प्रकरणे मी पाहिली आहेत. त्याआधी पत्रातला खाते क्रमांक तुमच्या जुन्या स्टेटमेंटशी जुळवून घ्या आणि संस्थेच्या वेबसाइटवरील क्रमांकावर स्वतः फोन करून पत्राच्या संदर्भ क्रमांकाची खात्री करा. भरल्यावर त्याच दिवशी पावती जोडून ना देय प्रमाणपत्राची (काहीही देणे बाकी नसल्याच्या पत्राची) मागणी करणारा मेल पाठवा, आणि ते मिळेपर्यंत दर आठवड्याला आठवण करत राहा.