साठीनंतर डाव्या हाताला वळण

पक्षाघात, मनगटाचं फ्रॅक्चर, खांद्याचं ऑपरेशन. उतारवयात उजवा हात अडला की सगळा भार डाव्यावर येतो. ज्यांनी हे शिकलंय किंवा शिकवलंय त्यांनी नेमकं सांगावं: काय, कसं, कुठे बिघडतं.

हस्ताक्षर शिकवणारी

अक्षरांपासून सुरुवात नको. पहिला आठवडा जुन्या वर्तमानपत्रावर जाड स्केचपेनने नुसत्या रेघा आणि गोल, हात खांद्यातून हलवत. मग दुरेघी वही. ती छातीसमोर नको, जरा डावीकडे सरकवून वरची कड उजवीकडे झुकलेली ठेवा. सरळ ठेवली की मनगट ओळीच्या वरून आकड्यासारखं वळतं आणि अर्ध्या पानातच दुखतं. पेन टोकापासून तीन-साडेतीन सेंटिमीटर वर धरा, म्हणजे लिहिलेलं दिसतं. जेल पेनची शाई हाताखाली फासते. बॉलपेन किंवा टूबी पेन्सिल बरी.

खरी अडचण शिरोरेघेची. ती डावीकडून उजवीकडे काढताना डावा हात पेन ओढत नाही, ढकलतो, आणि टोक कागदात रुततं. शब्द पुरा करून रेघ उजवीकडून डावीकडे ओढा. शाळेत हे चाललं नसतं, आता खुशाल करा. एखादं अक्षर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. घाबरू नका, नमुना समोर ठेवून लिहा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं पुरे. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला की थांबायचंच.

बँकेतून निवृत्त

जुनी लफ्फेदार सही डाव्या हाताने उतरवायचा हट्ट नको. आद्याक्षर आणि आडनाव, एवढीच सही ठरवा. ती सारखी येऊ लागली की ओळखपत्र घेऊन शाखेत जा आणि नमुना सही बदला. त्याआधी चेक लिहिलात तर सही जुळत नाही म्हणून परत येईल. तोवर अंगठा चालतो: रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

शिवणकाम करणारे

नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून फाकतात. कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं. डावखुऱ्यांची कात्री घ्या. लेंग्याला नाडीऐवजी इलॅस्टिक. शर्टाची बटणं दिसायला वर शिवून ठेवा, आतून वेलक्रो.

स्वयंपाकघरातून

विळीला दोन्ही हात लागतात, तिचा नाद सोडा. लाकडी पाटाला खालून स्टीलचे दोन खिळे ठोका, टोकं वर येऊ द्या. कांदा-बटाटा त्यांवर रोवून सुरीने चिरा. पाटाखाली ओलं फडकं, काम झाल्यावर टोकांवर बुचं. चमच्याच्या दांड्याला एसीच्या नळीवरचा काळा फोम चढवला की पकड येते.

पुनर्वसनात काम करणारी

पक्षाघातात एक सांभाळा. उजव्यात थोडीही हालचाल परत येत असेल तर सगळी कामं डाव्याला देऊन टाकू नका, नाहीतर उजवा वापरायची सवयच मोडते आणि असलेली ताकदही कामी येत नाही. लिहिताना वही दाबून धरणं उजव्याकडेच ठेवा. सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत, काढताना सगळ्यात शेवटी. उलट केलं की खांदा ओढला जातो.