मदत हवी आहे: नानांना ‘सरकणारी’ साइट हवी, शेतकऱ्याच्या फोनवर ती उघडत नाही

बागायती_पिक्सेल

नमस्कार मंडळी. जळगावात बसून एकट्यानेच वेबसाइटी करतो, सात वर्षं झाली. गिऱ्हाईकं म्हणजे सराफ, डाळमिलवाले, एक चटईचा कारखाना, दोन क्लासेस. फोटो, पत्ता, फोन नंबर टाकला की काम संपायचं. यंदा पहिल्यांदाच अडकलोय.

सावद्याकडच्या एका केळी व्यापाऱ्याचं काम आलं. सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या भाच्याने पुण्यातल्या कुठल्याशा बिल्डरची साइट दाखवली, तेव्हापासून नानांचं एकच पालुपद: “भो, त्या साइटीवर कसं सगळं सरकतं! आपलं काहून सरकत नाही?”

मग मीही सरकवलं. वर्डप्रेस, त्यावर एलिमेंटॉर (कोड न लिहिता पान जुळवायचं प्लगइन), सगळ्यात वर ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ (माझा स्वतःचा लाडका), खाली बेंटो ग्रिड (लहानमोठ्या चौकटींची मांडणी), काचेसारखे धूसर चौकोन, आणि मथळा असा की एकेक अक्षर उडी मारून जागेवर बसतं. लॅपटॉपवर बघून नाना खूश. अर्धे पैसे त्याच दिवशी मिळाले. आपल्या धंद्यात हे किती वेळा होतं ते तुम्हाला माहीत आहे.

आता गोची अशी, की या साइटवर लोक एकाच गोष्टीसाठी येतात: आजचा भाव. केळीच्या बागांचे प्रकार वेगळे, म्हणून नवतीला काय, पिलबागेला काय, कांदेबागेला काय, आणि बऱ्हाणपूर बाजाराचा बोर्ड, म्हणजे तिथला जाहीर भाव, काय निघाला. बघणारा माणूस रावेर-यावल पट्ट्यात बागेत उभा असतो, हातात चार वर्षांपूर्वीचा फोन, रेंजची एक काडी. परवा एका काकांच्या शेजारी उभा राहून त्यांच्याच फोनवर साइट उघडली. त्यांची तंबाखू मळून झाली तरी व्हिडिओ यायचाच होता. म्हणाले, “राहू द्या भाऊ, व्हॉट्सॲपवर येईलच भाव.”

घरी येऊन पेजस्पीड, म्हणजे गूगलचं साइटचा वेग मोजायचं साधन, लावलं. मोबाइलचा आकडा शंभरपैकी २९, मुख्य भाग दिसायला ९ सेकंद. गूगलच्या हिशेबाने ते अडीच सेकंदांत व्हायला हवं. शिवाय मथळ्यात मात्रा अक्षरापासून सुटून ठिपक्यांच्या गोलावर बसलेली दिसते. ‘केळी’ वाचायची म्हणजे कोडं सोडवल्यासारखं.

एलिमेंटॉर ठेवून हे दुरुस्त होईल, का सगळं पाडून साधं एचटीएमएल लिहू? भाव रोज नानांचा मुनीम बदलणार, त्याला कोडला हात लावता येणार नाही. आणि नानांना कोणत्या तोंडाने सांगू, की जे बघून पैसे दिलेत तेच काढायचंय? भाचा तिकडे टपलाय, ‘एआयने एका संध्याकाळीत करून देतो’ म्हणून.

वेलांटी

मात्रांचं आधी सांगते, कारण यात मी स्वतः भाजलेय. अक्षरं उडवणारी स्क्रिप्ट मजकुराचे तुकडे करते ते इंग्रजीच्या हिशेबाने. तिला ‘के’ हे एक अक्षर दिसत नाही. ‘क’ वेगळा आणि मात्रा वेगळी दिसते. मात्रा एकटी पडली की फॉन्ट तिच्याखाली ठिपक्यांचा गोल काढतो. जोडाक्षरांचं तर त्याहून वाईट. इंटल डॉट सेगमेंटर (ब्राउझरमधलीच अक्षरं ओळखायची सोय) वापरून अक्षरं नीट तोडता येतात, पण मग प्रत्येक अक्षर वेगळ्या डब्यात जातं आणि शिरोरेषेत फटी पडण्याची भीती राहतेच. मराठीत अक्षर नाचवूच नका. शब्द नाचवा, फार तर ओळ.

तुमच्या टेम्पलेटमध्ये मथळ्याला लेटर-स्पेसिंगही, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, असणार, बघा. इंग्रजी कॅपिटलमध्ये ते देखणं दिसतं, आपली शिरोरेषा तुटते. शून्य करा. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, १.२ असेल तर १.५ च्या पुढे न्या, नाहीतर वरचे रफार-अनुस्वार कापले जातात. आणि पानाची भाषा ‘एमआर’, म्हणजे मराठी, केलीये का? बहुतेक थीम ‘ईएन-यूएस’, म्हणजे अमेरिकन इंग्रजी, धरून बसतात. भाषा मराठी सांगितली तर ज्या फॉन्टात सोय आहे तिथे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, आणि स्क्रीन रीडरलाही कळतं काय वाचायचंय.

फॉन्ट कोणता आणि किती वजनं (जाड-बारीक प्रकार)?

बागायती_पिक्सेल

मुक्ता. सगळीच्या सगळी सात. 🙈 भाषा आत्ता बघितली, ईएन-यूएसच आहे.

वेलांटी

मुक्ता उत्तम आहे, ‘एक टाइप’ या संस्थेचा. पण रेग्युलर आणि बोल्ड बास. बाकीची पाच शेतकऱ्याच्या डेटावर का चालवताय?

खटपट्या_धुळे

भाऊ, पाडू नका आणि दुरुस्तही करत बसू नका. नानांची साइट नानांना राहू द्या. फक्त भावाचं पान त्यातून बाहेर काढा. एक साधं एचटीएमएलचं पान, एक तक्ता, वर तारीख आणि वेळ. फॉन्टसुद्धा लोड करू नका, अँड्रॉइडमध्ये देवनागरी असतेच. मुनीम गूगल शीटमध्ये चार आकडे भरेल, पान तिथून उचलेल. त्याला एक्सेल येतं ना? मग झालं.

व्हॉट्सॲपशी भांडण कशाला? त्या पानाला ओजी टॅग द्या, म्हणजे ग्रुपवर लिंक पडली की खाली नाव आणि चित्र दिसेल. भाव ग्रुपवरच फिरतो, तर तुमचीच लिंक फिरू द्या.

व्हिडिओ मोबाइलवर बंद, जागेवर वेबपी या हलक्या फॉरमॅटमधला एक फोटो. तो फोटो वरच असणार म्हणून त्याला लेझी लोडिंग (खाली सरकल्यावरच लोड होणं) लावू नका, ही चूक मी वर्षभर करत होतो. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करून ठेवलीय त्यांच्यासाठी ‘प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन’ची ओळ टाका.

आणि धूसर काचेचं म्हणाल, तर ती फॅशन मला कधीच कळली नाही. उन्हात उभं राहून वाचून दाखवा मला कुणी ते.

गरम_शेवभाजी

भाच्याला करू द्या हो एआयने. सकाळी सहाला भाव दिसला नाही की मुनीम कुणाला फोन लावतो ते बघू.

खटपट्या_धुळे

@गरम_शेवभाजी, हसण्यावारी नका नेऊ. मी स्वतः एआयकडून अर्धा कोड लिहून घेतो. पण नवती आणि पिलबाग एकाच रकान्यात चालत नाहीत हे त्याला सांगायला कुणीतरी लागतंच. भाऊ, पैसे साइटचे नका घेऊ, वर्षभर सांभाळायचे घ्या.

बागायती_पिक्सेल

तीन आठवड्यांनी कळवतोय, उशिराबद्दल माफी.

भावाचं पान वेगळं केलं. नानांना काही समजावत बसलो नाही. गाडीत घालून त्याच काकांच्या बागेत नेलं आणि त्यांच्या फोनवर दोन्ही पानं उघडून दाखवली. नाना थोडा वेळ गप्प होते. मग काकांनाच विचारलं, “आपला भाव बोर्डापेक्षा दहानं कमी का दाखवतंय रे हे?” साइटचा विषय तिथेच संपला, पुढचा अर्धा तास भावावरून जुंपली. व्हिडिओ लॅपटॉपपुरता ठेवलाय, त्यावर तडजोड झाली नाही.

आता नवीन अडचण. कॅशमुळे (पानाची साठवून ठेवलेली जुनी प्रत) काही लोकांना दुपारपर्यंत कालचाच भाव दिसतो. मंगळवारी एक जण कालच्या भावावर कटाई सांगून मोकळा झाला आणि फोन मला आला. मध्ये क्लाउडफ्लेअर लावलंय, ते पानाची प्रत साठवून तीच पाठवतं. फक्त त्या पानाची कॅश बंद करू, का पाच मिनिटांची ठेवू?

खटपट्या_धुळे

त्या पानापुरती बंदच करा. चार ओळींचा तक्ता आहे, सर्व्हरला काही जड नाही. ब्राउझरलाही ‘नो-स्टोअर’ सांगा, नाहीतर फोन जुनंच पान धरून बसेल. आणि तारीख भावाच्या वर मोठी टाका, ‘आजचा’ असं लिहू नका.