सातारा शहर किल्ल्यावरील फौजेमुळे वाढले का?

माहुलीकर (प्रश्न)
नोकरीनिमित्त काही वर्षांपूर्वी साताऱ्यात आलो. अजिंक्यतारा किल्ल्यावरील शिबंदीला, म्हणजे तेथील फौजेला, धान्य आणि वैरण पुरवणाऱ्यांच्या वस्तीतूनच हे शहर वाढले, असे येथे अनेकदा ऐकतो. जाणकारांनी कृपया सांगावे, हे कितपत खरे आहे? माची पेठ हे नाव त्याच वस्तीचे असावे काय?

शुक्रवार पेठवासी
माची म्हणजे गडाच्या उतारावरील सपाट जागा, तेव्हा पेठेचे नाव गडावरूनच आले असावे. मात्र शिबंदीने शहर वसते, हे मला पटत नाही. शिबंदी वासोटा किल्ल्यावरही होती, तिथे आज जंगल आहे. अजिंक्यतारा १६७३ मध्ये शिवाजी महाराजांकडे आला. राजाराम महाराजांनी राजधानी येथे आणली आणि १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक येथेच झाला. पुढे महाराज गड सोडून पायथ्याशी राहू लागले, तेव्हा त्यांच्या मागोमाग सरदारांचे वाडे, कारकुनांची घरे, सावकारांच्या पेढ्या आणि कासार-सोनारांची दुकाने खाली उभी राहिली. वस्तीला शाहूनगर म्हणत, ते उगाच नव्हे.

करंजेकर
वरील मताशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु आपण लष्करी बाजू फारच हलकी केलीत. १६९९ च्या अखेरीस औरंगजेबाने स्वतः येथे वेढा घातला, तेव्हा त्याची छावणी आमच्या करंज्याच्या बाजूला पडली होती. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला कित्येक महिने लढवला; मोगलांचा एक सुरुंग तर उलटा त्यांच्याच लोकांवर कोसळला. एप्रिल १७०० मध्ये किल्ला पडला आणि त्याचे नाव आझमतारा झाले. अशा रणधुमाळीत पायथ्याशी पेठ टिकणे कठीणच. म्हणून शहराची खरी वाढ त्यानंतरची, हे मान्य. फौजेमुळे वसलेला भाग हवाच असेल, तर तो गडाखाली न शोधता इंग्रजांच्या छावणीच्या सदर बझारात शोधावा.

यवतेश्वर रस्ता
पाण्याचा उल्लेख कोणीच केला नाही, याचे नवल वाटते. गडावर तळी आहेत, पण ती शिबंदीपुरती. शहराची तहान त्यांवर भागणे शक्यच नव्हते. पेठांना यवतेश्वराच्या डोंगरातून पाणी आणले गेले आणि पुढे इंग्रजी अमदानीत सुमारे २५ किलोमीटरवरील कासच्या तलावाचे पाणी उघड्या पाटाने आले. माहुलीकरांनी एकदा कासच्या वाटेवर त्या जुन्या पाटाच्या खुणा अवश्य पाहाव्यात.