शुश्रूषा, सेवा की करुणा? नर्सच्या कामाला कोणता शब्द?

संत्रानगरी : भाचीचं नर्सिंग यंदा संपतंय. निरोपसमारंभाच्या फलकावर मराठीत एक ओळ हवी आहे. तिनं 'कम्पॅशन' हा शब्द पुढे केला आणि आम्ही तिथंच अडकलो. 'दया' म्हटलं की देणारा वर, घेणारा खाली. 'कीव' तर जवळपास शिवीच. 'अनुकंपा' म्हटलं की अनुकंपा तत्त्वावरची नोकरी आठवते. 'सहानुभूती' शोकसभांनी वापरून संपवली. 'सेवा' आपल्या नागपूरला जवळचा, कमलाताई होस्पेटांनी मातृसेवा संघ हे प्रसूतिगृह काढलं ते १९२१ साली. पण हल्ली बँकेपासून गॅस सिलिंडरपर्यंत सगळ्यांचीच सेवा झाली आहे. राहता राहिली 'शुश्रूषा'. ती नेमकी लिहायची कशी?

जुनी वही : शुश्रूषा. पहिला उकार ऱ्हस्व, दुसरा दीर्घ, सुरुवातीला शहामृगाचा श, शेवटी षटकोनाचा ष. 'सुश्रुषा' लिहिणाऱ्यांच्या डोक्यात बहुधा सुश्रुत असतो.

खरी गंमत शब्दाच्या अर्थामध्ये आहे. धातू 'श्रु', म्हणजे ऐकणे. जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा, पिण्याची इच्छा ती पिपासा, तशी ऐकण्याची इच्छा ती शुश्रूषा. 'चिकित्सा' हा शब्दही याच घडणीचा. आपल्याला शुश्रूषा म्हटलं की सलाईन नि बेडपॅन दिसतं, शब्द मात्र कान देऊन बसलेला आहे. मी तर हाच लिहीन.

निळी पाटी : जरा थांबा. ऐकायचं कोणी आणि कोणाचं? गुरुशुश्रूषा, पतिशुश्रूषा या शब्दांत ऐकणं म्हणजे आज्ञेत राहणं. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात शूद्राला एकच काम नेमून दिलंय, तिन्ही वर्णांची शुश्रूषा, आणि तीही मनात असूया न ठेवता. पोरीनं हा शब्द फलकावर कशाला मिरवायचा?

'करुणा' घ्या. दीक्षाभूमीच्या गावात प्रज्ञा, शील, करुणा कोणाला समजावून सांगावं लागत नाही. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक कथा आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडलेला. बाकीचे त्याच्याकडे बघत नाहीत, कारण विचारलं तर म्हणतात, तो आमच्या काही कामाचा नाही. बुद्ध आनंदाला पाणी आणायला सांगतात, दोघं मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर निजवतात. मग भिक्खूंना सांगतात, ज्याला माझी सेवा करायची असेल त्यानं आजाऱ्याची करावी. तिथला पाली शब्द आहे 'उपट्ठान', म्हणजे जवळ उभं राहणं.

जुनी वही : मनूचा मुद्दा मान्य. उपट्ठानवरून चरक आठवला. वैद्य, औषध, रोगी यांच्या जोडीला त्याच्या चिकित्सेचा चौथा पाय 'उपस्थाता', तोही जवळ उभा राहणाराच. त्याचे गुण चार : उपचारांची जाण, दक्षता, अनुराग आणि शुचिता. जाण पहिली, माया तिसरी, हे मला आवडलं. (श्लोकात हा अनुराग 'भर्तरि' म्हणजे पोशिंद्यावर आहे. निळी पाटी यांनी पकडायच्या आत मीच सांगतो.)

रात्रपाळी : वीस वर्षं वॉर्डात काढली, आता माझंही ऐका. कागदावर मी अधिपरिचारिका, माझ्यावर परिसेविका, तिच्यावर अधिसेविका. यातला एक शब्द कोणा पेशंटच्या तोंडून ऐकलेला नाही. आम्ही सिस्टर नि ब्रदर, आया म्हणजे मावशी, वॉर्डबॉय म्हणजे मामा. अख्ख्या वॉर्डात नात्याबाहेर एकटे डॉक्टर.

निळी पाटी म्हणतात ते पटलं, तरी ऐकण्याला एवढ्यात मोडीत काढू नका. आमच्याकडे छिंदवाडा-बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंतचे पेशंट येतात. एकदा एक म्हातारी होती, फक्त गोंडी बोलणारी. दोन रात्री सारखी कण्हायची. पाळी बदलताना ओव्हर देताना आम्ही एकमेकींना सांगायचो, पेन आहे, डॉक्टरांना कळवलंय. तिसऱ्या रात्री पलीकडच्या खाटेवरच्या बाईची सून मुक्कामाला आली, तिला गोंडी येत होती. म्हातारीला दुखत वगैरे काही नव्हतं. जन्मभर जमिनीवर निजलेली बाई, उंच खाटेवरून पडायची भीती वाटत होती. मामांनी खाट भिंतीला लावली, दुसऱ्या बाजूला रेलिंग चढवलं. सकाळी टेंपरेचर घ्यायला हलवून उठवावं लागलं.

आणि 'सेवा' खरंच नको. साठ खाटांना रात्री दोघी असतो. तिसरी मागितली की वरचे लोक सेवेचंच नाव काढतात.

कम्पॅशन कमी पडलं अशी तक्रार वॉर्डात येत नाही. 'सिस्टर तोडून बोलली' अशी येते. त्याच्या उलट काय, तर 'ते सिस्टर इचारते जी'. आमची एक सीनियर होती. रात्री दिवे मालवायच्या आधी प्रत्येक खाटेशी थांबून एवढंच विचारायची, "कसं वाटून राह्यलं जी, माय?" आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या खाटेकडे जायची नाही.

निळी पाटी : हे माझ्या पालीपेक्षा बरं आहे.

संत्रानगरी : भाचीला सगळं वाचून दाखवलं. फलकावर तिनं तेवढंच लिहिलंय : कसं वाटून राह्यलं जी, माय? मॅडम म्हणाल्या, भाषा शुद्ध करा. पोरी ऐकायला तयार नाहीत. कार्यक्रमपत्रिकेत मात्र 'शुश्रूषा' छापायचंय आणि छापखान्याचा फोन आलाय. दुसरा उकार दीर्घच ना?

जुनी वही : दीर्घच.